उजेड इकडे धर

दिवाळीच्या आधी रंगारी येऊन गेले आणि समोरच्या खोलीतलं लंबकाचं घड्याळ बंद पडलं. चावी भरून लंबक हलवला की पाच-सात मिनिटं चालायचं, मग आपसूक थांबायचं. आबाजी, म्हणजे आजोबा, गेल्यापासून त्या घड्याळाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. मोठ्या बाबांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलानं, नागपुरातल्या इतवारीतून एक घड्याळवाला बोलावला. त्यानं घड्याळ उतरवलं, डोळ्याला भिंग लावून आत पाहिलं आणि झाकण परत लावून टाकलं. "मशीन एक नंबर आहे साहेब. साफ केलेली आहे, तेल जिथल्या तिथं आहे. मी यात काय करू?" येण्याजाण्याचे पैसे घेऊन तो गेला. घड्याळ पुन्हा भिंतीवर चढलं आणि पुन्हा थांबलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला, "खालून डावीकडे सरकवा जरासं. रंगाऱ्यानं खिळा हलवला असन." मोठ्या बाबांनी खालचं टोक डावीकडे जरासं ढकललं. लंगडत चाललेली टिकटिक सरळ झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा झाला, विषय मिटला. आजीला हे कसं माहीत, हे मात्र कोणी विचारलं नाही.

लंबकाच्या घड्याळाची खोड अशी, की ते नुसत्या डोळ्याला सरळ दिसून भागत नाही. आत एक दातेरी चाक असतं आणि त्याच्यावर जहाजाच्या नांगराच्या आकाराचा तुकडा डोलत असतो, त्याला अँकर म्हणतात. लंबक एका बाजूला गेला की अँकरचं एक टोक चाकाचा एक दात सोडतं, दुसऱ्या बाजूला गेला की दुसरं टोक सोडतं, आणि सुटता सुटता ते चाक लंबकाला बारीकसा धक्का देतं. चावी भरतो तो सगळा जोर शेवटी या एवढ्याशा धक्क्यासाठी. आता हे सुटणं मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर व्हायला हवं. घड्याळ कललं की एका बाजूचा दात लवकर सुटतो, दुसऱ्या बाजूचा उशिरा. झोका थोडा जरी आखूड झाला तरी उशिराच्या बाजूचा दात सुटतच नाही, आणि घड्याळ थांबतं. कानाला हे आधीच कळतं. टिक आणि टिक यांच्यामधली एक फट मोठी, एक लहान. आबाजी म्हणायचे, घड्याळ लंगडून राह्यलं. ते समोर उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि घड्याळाचं बूड एका बोटानं डावीकडे-उजवीकडे सरकवत राहायचे. एकदा मोठ्या बाबांनी गवंड्याची पाणसळ आणून दिली होती, तर म्हणाले, "पाणसळ भिंतीले लाव. घड्याळाले कान लावा लागते." बरोबर जागा सापडली की खालच्या दोन्ही कोपऱ्यांशी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारायची, आणि चावी भरताना घड्याळ हलू नये म्हणून बुडाशी एक बारीक खिळा ठोकायचा. रंगाऱ्यानं तो खिळा उपटला, रेघांवर लांबी मारली आणि वर दोन हात रंग दिला. घड्याळवाल्याला बिघाड सापडणार कुठून, बिघाड घड्याळात नव्हताच.

चावी रविवारी सकाळी, आंघोळीनंतर. तबकडीवर दोन भोकं असतात. उजवं वेळेचं, डावं टोल्यांचं. दोन्ही भरायची आणि जिथं घट्ट लागेल तिथं थांबायचं. "चावी जास्त झाली म्हणून घड्याळ बिघडलं" असं लोक सांगतात ते आबाजींना अजिबात मान्य नव्हतं. स्प्रिंग पूर्ण भरण्यासाठीच असते. पूर्ण भरूनही घड्याळ चालत नसेल तर आत तेल चिकट झालेलं असतं. त्यातही गल्लीतल्या घड्याळांमध्ये त्यांना बहुतेक खोबरेल सापडायचं. घरात हाताशी तेच असतं. उन्हाळ्यात ते पातळ राहतं, घड्याळ खुशीत चालतं, मालक खूश. नागपुरात डिसेंबरात पारा दहाच्या आसपास उतरला की खोबरेल थिजतं आणि घड्याळ संपावर जातं. तेल घड्याळाचंच हवं, आणि तेही फक्त आसांच्या टोकांवर, शिवणाच्या सुईच्या अग्रावर मावेल एवढंच. दात्यांना तेल लावायचं नाही. तेलावर धूळ बसते, तिची उटी होते आणि ती उटी पितळ खात जाते. तिसरी गोष्ट उन्हाची. लोखंडी दांडीचा लंबक उन्हात लांबतो, लंबक लांबला की घड्याळ मागे पडतं. वीस अंशांचा फरक पडला तर दिवसाला दहा सेकंद, म्हणजे आठवड्याला मिनिटभर. म्हणून होळीनंतर लंबकाखालची चकती फिरवून गोळा वर घ्यायचा आणि कोजागिरीनंतर तेवढाच खाली. हे वर्षातून दोनदा व्हायचं आणि घरात कोणाच्या लक्षातही यायचं नाही. घड्याळ बरोबर आहे एवढंच आम्हाला माहीत.

घड्याळ उघडायचं असलं तर मात्र रात्री. पोरं झोपली पाहिजेत. एक स्क्रू सतरंजीत गेला तर शोधणार कोण! आधी स्प्रिंगचा जोर उतरवायचा, नाहीतर ती बोटं सोलून काढते. चावी हातात घट्ट धरायची, खटका उचलायचा आणि चावी मुठीतल्या मुठीत अर्धा अर्धा फेरा सोडत जायची. या कामात दोन्ही हात गुंततात. म्हणून टॉर्च धरायला आजी.

"उजेड इकडे धर."

आबाजी मोतीबागेच्या कारखान्यात फिटर होते. छोटी लाइन म्हणजे अडीच फुटी रूळ, नागपूर-छिंदवाडा, नागपूर-नागभीड; तिच्या गाड्यांची दुरुस्ती मोतीबागेत व्हायची. महाल भागातल्या घरून तिथपर्यंत सायकल, उन्हाळ्यात डोक्याला ओला गमछा, कानावरून घट्ट. ते निवृत्त झाले तेव्हा छोटी लाइन धावत होती. २०१५ च्या अखेरीस छिंदवाड्याची बंद झाली, २०१९ मध्ये नागभीडची. मोतीबागेत आता संग्रहालय आहे. तिथं ते एकदाच गेले, एका इंजिनाच्या क्रँकला हात लावून पाहिला, बोटं नाकाशी नेली आणि म्हणाले, ग्रीस नाही, रंग मारला आहे. मग पोरांना आइस्क्रीम दिलं आणि घरी आले. त्यांच्याबद्दल बोलताना नातेवाईक नेहमी यादी करतात: घड्याळं, बाजाची पेटी, कूलर, संत्रा, लाकडाचे बैल, सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची सांबारवडी. माणसाला इतके शौक कसे, याचं नवल. यादी खरी आहे. पण ते शौक वेगवेगळे नव्हते. कारखान्यात पहिल्या वर्षी जे हाडात मुरलं तेच ते घरभर फिरवत होते. वस्तू चालते कशी हे नंतर पाहायचं, ती बंद कुठून पडते हे आधी. कूलरला, झाडाला आणि कढईतल्या वडीला त्यांनी एकच प्रश्न विचारला.

कूलरचं उदाहरण घ्या, नागपुरात दुसरं कोणतं घेणार! मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता. त्या उन्हात घर वाचवतो तो पत्र्याचा कूलर, आणि त्याचं शास्त्र साधं आहे: कोरडी गरम हवा ओल्या गवतातून ओढली की पाणी उडतं, उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. पंचेचाळीस अंशांची कोरडी हवा अठ्ठावीस-तिसावर येते. मृग लागला, हवा दमट झाली की हाच कूलर नुसता ओलसर वारा फेकतो, त्यात त्याचा दोष नाही. मेमध्ये कूलर गार हवा देत नसेल तर मात्र दोष शोधायचा, आणि तो क्वचितच मोटारीत असतो. आबाजी सगळ्यात आधी पाहायचे ती समोरची खिडकी. ती बंद असली की खोलीत शिरलेल्या हवेला बाहेर जायला वाट नाही, ओल साचते आणि माणूस घामानं चिकट होतो. खिडकी चार बोटं उघडी हवी. लोकांना हे पटत नाही. एवढी गार हवा बाहेर सोडायची म्हणजे त्यांना पैसे सांडल्यासारखं वाटतं.

मग गवत. मार्चमध्ये भरलेलं गवत मेच्या मध्यापर्यंत भिजून भिजून खाली बसतं आणि ताटीच्या, म्हणजे गवत धरणाऱ्या चौकटीच्या, वरच्या अंगाला बोटभर, दोन बोटं मोकळी फट पडते. पंख्याला काय, जिथून सोपं तिथून तो ओढणार. सगळी लू त्या फटीतून आत. म्हणून नवीन गवत आधी रात्रभर पाण्यात टाकायचं, रंग आणि वास निघून जातो; सकाळी निथळून ताटीत सारखं पसरायचं आणि वरून दोरीचे चौकोन शिवून काढायचे, प्रत्येक चौकोन वीतभर, म्हणजे गवत आपापल्या घरात राहतं. जाड भरायचा मोह होतो तो टाळायचा. जाड गवतातून पंखा हवा ओढू शकत नाही, मोटार तापते, वारा कमी येतो. ताटी उजेडात धरली तर आरपार पुसटसं दिसलं पाहिजे, पण कुठंही सरळ भोक दिसता कामा नये. वरच्या पन्हळीची भोकं बोअरच्या पाण्यानं बुजतात. क्षार पांढरे दगडासारखे बसतात, आणि जिथलं भोक बुजलं त्याखालचा पट्टा कोरडा राहतो. ती भोकं सायकलच्या आऱ्यानं एकेक मोकळी करायची. टाकी रिकामी करून वायरब्रशनं गंज काढायचा, आतून डांबरी रंगाचे दोन हात, दोन दिवस वाळू द्यायचं. भर मेमध्ये मोठा कूलर तासाला पंधरा-वीस लिटर पाणी सहज उडवतो, पण उडतं ते पाणी, क्षार टाकीतच राहतात. नुसती भर घालत राहिलं तर पंधरा दिवसांत टाकीत खारवण तयार होतं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसायची. डासांच्या अळ्याही त्याबरोबर जातात. चालू करताना आधी पंप, दहा मिनिटांनी पंखा. कोरड्या गवतातून पंखा लावला की पहिली दहा मिनिटं खोलीत धुळीची लू येते. आणि पाणी भरताना प्लग काढलेला. बटण बंद केलेलं त्यांना चालायचं नाही. पत्रा, पाणी आणि वीज एकत्र असताना बटणावर विसंबायचं नाही, एवढ्या एका बाबतीत ते सगळ्यांवर ओरडायचे.

बाकी वेळी ते ओरडायचे फक्त आजीवर. उजेड हलला म्हणून.

यात काही गोड नाही. आमच्या घरात हे कौतुकानं सांगितलं जातं, की आबाजींचं काम चालू असलं की आजी दोन दोन तास टॉर्च धरून उभी राहायची. तिच्या पोळ्या राहिलेल्या असायच्या, पाय दुखत असायचे, आणि वरून "इकडे नाही, तिकडे", "तुले दिसते का मले दिसते". स्क्रूड्रायव्हर ते कोणाच्याच हातात देत नसत. मोठ्या बाबांनी लहानपणी पंख्याचं रेग्युलेटर उघडलं, तर त्यांच्या हातातून काढून घेऊन स्वतःच जोडून टाकलं. शिकवण्याइतका धीर त्यांच्याकडे नव्हता. दुसऱ्याचा हात अडखळताना पाहणं त्यांना सोसायचं नाही. त्याचं फळ असं, की या घरातले दोन्ही मुलगे बँकेतून निवृत्त झाले आणि आजही फ्यूज गेला तर इलेक्ट्रिशियनला फोन करतात. गल्लीतली घड्याळं, पेट्या, प्रेस, मिक्सर आमच्याकडे रांगेनं यायचे आणि दुरुस्त होऊन जायचे. आजीचं शिलाई मशीन मात्र कोपऱ्यात. टाके सोडायचं. "घरचंच आहे, पाहू." ते पाहू वर्षभर चाललं. एके दिवशी मशीन चालायला लागलं, आणि आबाजींनी ते उघडलंच नव्हतं. सुई उलटी बसलेली होती. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते आणि दोरा त्याच अंगानं ओवावा लागतो. आजीनं ती फिरवून बसवली, बॉबिनच्या डबीतला धाग्याचा गुंता काढला, संपलं. तिला कोणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

पेटीचं काम पावसाळ्यात जास्त. गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनातली पेटी आमच्याकडेच यायची, आणि तक्रार ठरलेली: एक पट्टी दाबली की वर येत नाही, किंवा एक सूर सतत गुणगुणत राहतो. पट्ट्या लाकडाच्या, दमट हवेनं फुगतात, शेजारणीला घासतात. तिथं पॉलिशपेपरचे दोन-तीन हात पुरतात, रंधा लावायचा नाही, कारण ऑक्टोबरात लाकूड परत आकसणार आणि मग पट्टी खुळखुळणार. सूर घोगरा झाला तर पितळी पत्तीखाली बहुतेक कचरा असतो. कोरा कागद पत्तीखालून अलगद सरकवायचा, निघतो. खरंच सूर उतरला असेल तरच कानस. पत्ती टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. एक घास जास्त गेला तर दुसऱ्या टोकाला घासून परत आणता येतो, पण प्रत्येक वेळी पत्ती पातळ होते, म्हणून आधी ऐकायचं. ऐकायला त्यांना आजी लागायची. आबाजींचा कान घड्याळाला तयार होता, सुराला तितका नव्हता. कारखान्यातल्या ठोकाठोकीनं वरच्या पट्टीतलं त्यांना नीट ऐकू येत नसे. दोन पत्त्या एकदम वाजवल्या की त्यांच्यात एक लहर उठते, सूर जुळत आले की ती लहर मंदावते आणि जुळले की थांबते. ती थांबली की आजी "हं" म्हणायची. ते काम त्यांच्याच नावावर जमा.

तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोरांच्या पोळ्याचे, बैलही तसेच. घरातल्या प्रत्येक पोराला एक सागवानी नंदी, चार चाकांवर. चाकं डुगडुगत नसत, कारण आसाचं भोक ते एका बाजूनं आरपार पाडायचे नाहीत. दोन्ही बाजूंनी खूण करून अर्धं इकडून, अर्धं तिकडून. एका बाजूनं पाडलेलं भोक हात जरा कलला की पलीकडे भलतीकडे निघतं. आसाला तेल नाही, मेण. तेलावर धूळ बसते आणि चाक जाम होतं. झूल आजी शिवायची. बोजारा, म्हणजे घरोघरची ओवाळणी, घेऊन पोरं घरी आली की सगळ्यांना आठवायचा तो बैल.

काटोलच्या शेतात भावांच्या वाट्यातली संत्र्याची झाडं होती. निवृत्तीनंतर थंडीत आबाजी दर आठवड्याला तिथं. जंबेरी लिंबाचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरायचा, जमिनीपासून वीतभर उंचीवर. सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर, साल दोन्ही बाजूंनी हलकेच उचलायची, आणि चांगल्या झाडाच्या गोल काडीवरचा डोळा ढालीसारखा कापून, पानाचा देठ तेवढा ठेवून, आत सरकवायचा. मग प्लास्टिकची पट्टी खालून वर गुंडाळत आणायची, डोळा तेवढा उघडा. पट्टी सैल राहिली तर पाणी शिरतं आणि डोळा कुजतो. फार आवळली तर रस थांबतो. तीन आठवड्यांनी त्या देठाला बोट लावायचं. नुसत्या स्पर्शानं गळून पडला तर डोळा धरला. सुकून चिकटून राहिला तर गेला, पुन्हा नव्यानं. आबाजींची बोटं पान्यानं जाड झालेली, टोकांना घट्टे. चीर ते सुरेख द्यायचे, पण पट्टी त्यांच्या हातून एकतर सैल राहायची नाहीतर तुटायची. म्हणून बांधायला आजी. ते वाकून पुढच्या रोपाकडे सरकायचे, ती मागून उकिडवी बसून बांधत यायची, एका हातानं पट्टीचं टोक दाबून, दुसऱ्यानं गुंडाळत, शेवटचं टोक वेढ्याखालून काढून ओढायचं. त्या बागेतलं एकूण एक झाड तिच्या गाठीतून गेलेलं आहे. पाहुण्यांना मात्र सांगितलं जायचं, ही आबाजींची कलमं.

झाड मोठं झालं की धोका डिंक्याचा. बुंध्याला पाणी लागून राहिलं की साल कुजते आणि डिंक वाहायला लागतो. म्हणून आळं दुहेरी: बुंध्याभोवती मातीची एक बांगडी, तिच्याबाहेर दुसरी, आणि पाणी दोन्हींच्या मधल्या चरातच. बुंधा कोरडा. शिवाय पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा बोर्डो मलम, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद कुटून पाच लिटरात रात्रभर विरघळू द्यायचं, कळीचा चुना वेगळ्या पाच लिटरात विझवून गाळून घ्यायचा, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळायचं. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं. लोखंडी बादलीत मोरचूद बादलीच खातं. झालं की विळ्याचं पातं त्यात बुडवून काढायचं. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा, नाहीतर तेच मलम साल जाळतं. केलेलं मलम त्याच दिवशी संपवायचं.

सांबारवडीबद्दल थोडक्यात, कारण तिच्यावर घरात अजून भांडणं होतात. हिवाळ्यात कॉटन मार्केटमधून सांबार स्वस्त आला की आबाजी पदर खोचल्यासारखे लुंगी खोचून ओट्यापाशी. त्यांचं म्हणणं, वडी तेलात फुटते ती सारणातल्या पाण्यामुळे, बाकी सगळ्या गप्पा. सांबार आदल्या रात्री धुऊन, दांड्या काढून, धोतरावर पसरायचा. सकाळी हाताला ओल लागता कामा नये. चिरून तेलात दोनच मिनिटं, वर किसलेलं भाजकं खोबरं, खसखस, चारोळी, तिखट, मीठ. आणि पूर्ण गार होईपर्यंत भरायचं नाही, कारण गरम सारणाची वाफ पारीला आतून ओली करते. दोन वाट्या बेसन, एक वाटी कणीक, चार चमचे कडकडीत मोहन, घट्ट भिजवायचं. पारी लाटून आतून चिंच-गुळाच्या कोळात कालवलेला गरम मसाला पुसायचा, सारण ठेवायचं, घडी घालून कडा पाण्याच्या बोटानं चिकटवायच्या. आच मध्यमाहून कमी. मोठ्या आचेवर वरून रंग येतो, आत पीठ कच्चं. सोबत ताकाची कढी. त्यांच्या वड्या खरंच फुटत नसत. आदल्या रात्री चार जुड्या सांबार निवडत अकरापर्यंत कोण बसलेलं असायचं, हे सांगायला नको.

आबाजी गेल्यावर त्यांच्या फडताळात डबे सापडले, सगळे स्क्रू, स्प्रिंगा, वायसर, एकाही डब्यावर नाव नाही. एक वही नाही, एक कागद नाही. मोठे बाबा म्हणाले, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. तेरवीपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं तेच म्हटलं, आणि आजी बाजूला बसून ऐकत होती. खरं तर त्या घरात प्रत्येक दुरुस्ती दोन माणसांनी पाहिली होती. त्यातल्या एकाचं लक्ष हातांकडे होतं. दुसरीचं लक्ष, उजेड कुठं लागणार आहे याच्याकडे, म्हणजे बिघाड कुठं आहे याच्याकडे. आबाजींनी कोणाला शिकवलं नाही हे खरं, पण कोणी शिकलंच नाही हे खोटं. आणि त्यांना हे माहीत होतं की नाही, याचा अंदाज अजून लागत नाही. कधी वाटतं, माहीत असणारच. नाहीतर आयुष्यभर टॉर्च दुसऱ्या कोणाच्या हातात का दिला नसता? कधी वाटतं, त्यांच्या लेखी टॉर्चला डोळे नव्हते.

यंदा मार्चमध्ये कूलर उतरवला तेव्हा आजी अंगणात खुर्ची टाकून बसली. बोलावलेला पोरगा चलाख होता. त्यानं गवताचा गठ्ठा सोडला, सुतळी काढली. आजी म्हणाली, "गवत परत घेऊन जा. ते पुठ्ठ्याचे जाळीदार पॅड असतात ना, मधमाशाच्या पोळ्यावानी, ते आण." आबाजींना हनिकोंबचा भयंकर तिटकारा होता, पुठ्ठ्यातून हवा घ्यायला आपण काय पार्सल आहो का, असं म्हणायचे. मोठे बाबा दचकलेच. म्हणाले, "आई, बाबांना हे चाललं नसतं." आजीनं पॅडची जाडी विचारली, चार इंची आहे हे ऐकून मान हलवली, आणि पोराला बजावलं, की गवतासारखे हे दर साली फेकायचे नाहीत, पण बोअरच्या पाण्यानं याची छिद्रं बुजतात, म्हणून टाकी आठवड्यानं नाही, चार दिवसांनी उपसायची, आणि संध्याकाळी पंप बंद केला की पंखा थोडा वेळ तसाच चालू ठेवायचा, पॅड वाळले पाहिजेत. मग मोठ्या बाबांकडे वळून म्हणाली, "त्याइले शौक होता दर साली गवत भराचा. मले नाही."